तिमाण्णाच्या नावावरचा हात

नवा ब्रेकर साइटवर आला, तेव्हा तिमाण्णा विटकरने त्याच्याकडे नापसंत जावयाकडे बघावं तसं बघितलं. त्यात त्याचं काही चुकलं नाही. अठ्ठावीस वर्षं ज्याने पस्तीस किलोचा लोखंडी ब्रेकर पोटाशी धरून रस्ते, पूल आणि पाण्याच्या टाक्या फोडल्या, त्याला हे अकरा किलोचं, राखाडी रबरी मुठीचं यंत्र खेळणंच वाटणार.

सन दोन हजार त्रेचाळीस. कोल्हापूरच्या वेशीवरचा एक जुना उड्डाणपूल आयुष्य संपलं म्हणून उतरवत होते. मधला भाग मोठ्या कातरयंत्रांनी महिन्याभरात कापून नेला होता. शेवटची चाळीस मीटरची पट्टी मात्र शहराच्या गॅसच्या मुख्य नळाच्या डोक्यावर होती. तिथे जड यंत्र चढवायची कुणाची छाती होईना. ती पट्टी माणसांनीच, हवेच्या ब्रेकरने, वरून खाली थराथराने सोलायची असं ठरलं. असलं नाजूक काम म्हटलं की धोत्रे मुकादमाची वडारांची टोळी, आणि त्या टोळीत पहिला तिमाण्णा.

या टोळीत माणसं मोजत नाहीत, जोड्या मोजतात. नवरा ब्रेकर चालवणार, बायको मागे उभी राहून पाईप सावरणार, पडलेला राडा उचलणार. हजेरीच्या यादीत दोघांचं मिळून एकच नाव, ते अर्थातच नवऱ्याचं. मुकादम फोनवर "आठ जोड्या आल्यात" असं सांगतो, सोळा माणसं कधीच म्हणत नाही. तिमाण्णाची बायको सुवर्णा चोवीस वर्षं अशी अर्धी मोजली जात होती, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचं काही वाटतही नव्हतं. तिला वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं, आणि ती गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती.

नवं यंत्र समजावून द्यायला नसरीन मुल्लाणी नावाची सुरक्षा अभियंता आली. वय तीसच्या आत, आवाज मात्र हेडमास्तरणीचा. तिने सोळाही जणांना समोर बसवलं.

"कॉम्प्रेसरमधली हवा दिसत नाही म्हणून आपण तिला हवाच समजतो," ती म्हणाली. "मोटारीच्या चाकात असते त्याच्या तिप्पट दाबाने ती या पाईपात कोंडलेली असते. ती मिनिटाला बाराशे वेळा छिन्नीवर ठोसा मारते. तेवढाच धक्का उलटा तुमच्या हातात येतो. काँक्रीट एकदा फुटतं. हात रोज फुटतो, फक्त आवाज होत नाही."

मग तिने हाताचं सांगितलं. या थरथरीने बोटांच्या टोकाच्या बारीक रक्तवाहिन्या आवळत जातात. आधी थंडीत बोटं पांढरी पडतात, मग मुंग्या येतात, आणि शेवटी तिथली नस मरते. मेलेली नस परत येत नाही. नव्या मुठीत एक वजन उलट्या दिशेने हलत राहून बरीचशी थरथर गिळून टाकतं. जी उरते ती मोजली जाते, आणि दिवसाचे दोन तास भरले की मूठ हवा बंद करते. दर पंधरवड्याला मिनिटभर मूठ धरून बसायचं. मूठ बोटांना अगदी हलकी टिचकी मारते आणि नस तिला केवढं उत्तर देते ते बघते. नस जागी असेल तर हिरवा दिवा, नसेल तर लाल.

"लाल आला तर?" धोत्रे मुकादमाने विचारलं.

"लाल आला तर त्या माणसाला ब्रेकर नाही. आणि त्याचं कारण फक्त त्याची तब्येत नाही," नसरीन म्हणाली. "ब्रेकर चालू असताना तुमच्या कानांवर आवाज अडवणारे मफ असतात आणि डोळ्यांपुढे धुरळा असतो. भोंगा ऐकू येत नाही, दिवा दिसत नाही. म्हणून ही मूठ इशारा बोटांना देते. एक टिचकी, छिन्नी सैल झाली. दोन, खाली पोकळ आहे. सलग टिचक्या सुरू झाल्या, तर पाईपाचा सांधा सुटतोय. तेव्हा खटका सोडायचा, मागे व्हायचं आणि हात वर करून कॉम्प्रेसरचा कॉक बंद करायला लावायचा. सांधा सुटलाच तर मूठ स्वतःची झडप बंद करील, पण तिच्या मागच्या पाईपातली हवा तिच्या हातात नाही. ती माणसानेच थांबवायची."

सुवर्णा हे सगळं ऐकत होती आणि तिची नजर नवऱ्याच्या बोटांवरून हलत नव्हती. कारण तिमाण्णाच्या सदऱ्याची बटणं तीन हिवाळे तीच लावत होती.

तिमाण्णा पहिला उठला. मानाने पहिली पाळी त्याचीच. त्याने आपल्या ब्रेकरची मूठ धरली, तिच्या छोट्या पडद्यावर त्याचं नाव आलं, मिनिट गेलं आणि लाल दिवा लागला.

"घाम आलाय हाताला," तो म्हणाला. "जेवल्यावर बघतो."

नसरीनने मान डोलवली आणि ती पुढच्याकडे वळली. बाकीच्या सातजणांचे दिवे हिरवे लागले.

जेवायच्या सुट्टीत तिमाण्णा पुलाच्या कठड्याला टेकून बसला. भाकरीला त्याने हात लावला नाही.

"माझा बा असाच घरी बसला हुता," तो म्हणाला. "हात गेलं म्हणून बसवला. वर्सभरात माणूस ओळखू येईना झाला. दारातल्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला इचारायचा, कुठं काम चाललंय, कुठं काम चाललंय. मला त्यो ओटा नगं सुवर्णे."

सुवर्णाने डबा झाकला, हात पुसले आणि ती त्याच्या ब्रेकरच्या मुठीजवळ गेली. पडद्यावर तिमाण्णाचं नाव तसंच होतं. तिने मूठ धरली. टिचकी आली, मुंगी चालावी एवढी हलकी. मिनिट झालं आणि हिरवा दिवा लागला.

आता कुणी म्हणेल, बाई लबाड. पण तिच्या मनात लबाडी नव्हती. चोवीस वर्षं यादीत दोघांचं एकच नाव होतं. त्या नावाखाली तिने उचललेला राडा त्याच्या नावावर गेला होता, तिचं दुखणंखुपणं त्याच्या नावाच्या रजेत बसलं होतं. मग त्या नावाखाली तिचा हात गेला, तर तो परक्याचा कसा, असं तिला अगदी मनापासून वाटलं. जोडीचाच हात होता. मूठ तयार करणाऱ्या शहाण्यांनी सगळ्या शक्यता धरल्या होत्या, पण एका नावात दोन माणसं असतात हे त्यांच्या गावीही नव्हतं. पाईप धरणाऱ्या बायकांची नोंद ठेवायची तर कुणालाच गरज वाटली नव्हती.

पंधरा दिवस काम झकास चाललं. सुवर्णा रोज सकाळी पाईप जोडायची. सांध्याचे दोन लोखंडी आकडे एकमेकांत फिरवून बसवायचे, मग त्यातून बोटाएवढी पिन आरपार घालायची, आणि सांध्यावरून तारेची दोरी दोन्हीकडे आकड्यांत अडकवायची, म्हणजे सांधा सुटलाच तरी पाईप उसळणार नाही. पूर्वी छिन्नी बदलताना टोळीतले लोक पाईप दुमडून त्यावर पाय ठेवायचे आणि तेवढ्यात काम उरकायचे. संध्याकाळी त्याच हवेने अंगावरची धूळ उडवायचे. नसरीनने दोन्ही बंद केलं. "ती हवा कातडीतून आत शिरली तर दवाखान्यातही बाहेर काढता येत नाही," एवढं तिने सांगितलं आणि पुन्हा कुणी धूळ उडवली नाही. आता छिन्नी बदलायची तर कॉम्प्रेसरचा कॉक बंद, खटका दाबून उरलेली हवा बाहेर, आणि मगच हात. तिमाण्णासुद्धा मुकाट्याने पाळायला लागला. दुसऱ्या पंधरवड्याची तपासणी सुवर्णाने चहाच्या वेळेला पुन्हा उरकून टाकली.

आणि मग भलतंच झालं. त्या दिवशी नसरीन हातात पेढ्यांचा पुडा घेऊन पुलावर आली.

"अण्णा, तुमचा हात म्हणजे कमाल आहे," ती म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं ब्रेकर चालवून तुमच्या नसा तिशीतल्या माणसासारख्या आहेत. एवढंच नाही, पंधरा दिवसांत त्यांच्यावर ओरखडासुद्धा नाही. ही मूठ बनवणारे पुण्याचे लोक तुमचे आकडे बघून चाट पडलेत."

टोळी हसली. कुणीतरी तिमाण्णाच्या पाठीवर थाप मारली. तिमाण्णाने पेढा घेतला, पण त्याची नजर खाली होती.

"या मुठी एकमेकींकडून शिकतात," नसरीन पुढे सांगत होती. "कुणाचा हात किती सोसतो, हे सगळ्यांचं मिळून बघून मर्यादा ठरते. अण्णांचा हात एवढा जुना आणि एवढा चांगला, की त्यांच्या आकड्यांना वजन जास्त आहे. सोमवारपासून आपल्या टोळीला दोन तासांऐवजी तीन तास. इथे ठीक चाललं तर पुढे राज्यभर."

धोत्रे मुकादम खूश झाला. काम लवकर उरकणार होतं. सुवर्णाने मात्र हातातला पेढा पुन्हा पुड्यात ठेवला. तिने समोर बसलेल्या सातजणांच्या हातांकडे पाहिलं. आपण एका माणसाची अब्रू झाकायला हात घातला होता, आणि तोच हात आता या सगळ्यांच्या, आणि कधी न पाहिलेल्या हजारोंच्या बोटांवर पडणार होता.

"मॅडम," ती कशीबशी म्हणाली, "जरा बोलायचं हुतं."

"बोलू की आक्का. आधी एवढं होऊ दे. पुण्याच्या लोकांना अण्णांचं काम बघायचंय." नसरीनने फोन उंच धरला. "अण्णा, सगळं तुम्हीच करून दाखवा. अगदी पाईप जोडण्यापासून."

सुवर्णा पुढे झाली, तसा तिमाण्णाने तिला हाताने अडवलं. "सर बाजूला. मला इचारलंय."

एवढ्या लोकांसमोर तिला तोंड उघडवेना. ती मागे सरली आणि कॉम्प्रेसरजवळ जाऊन उभी राहिली. तिमाण्णाने सांध्याचे आकडे फिरवले. ते तळहाताचं काम, ते बसले. पिन घालणं हे बोटांच्या टोकांचं काम. त्याने ती भोकावर ठेवली, दाबली, वरून एक चापट मारली. पिन आत गेली की नुसती काठावर टेकली, हे त्याच्या बोटांनी त्याला सांगितलं नाही. तारेच्या दोरीचा आकडाही त्याने अडकवल्यासारखा केला. फोनमध्ये ते सगळं छान दिसलं असणार. त्याने कान झाकले, पाय रोवले आणि खटका दाबला.

तीन मिनिटं ठीक गेली. मग सुवर्णाला दिसलं की तिमाण्णाच्या मागे दोन हातांवर, जमिनीवर पडलेल्या सांध्यातून धुळीची बारीक पिचकारी उडतेय. तिने हाका मारल्या, पण कान झाकलेल्या माणसाला त्या कुठल्या ऐकू येणार. नसरीन फोनमध्ये बघत होती. तिमाण्णा वाकून काम करतच राहिला.

सांधा सुटला. पाईप जमिनीवरून उसळला आणि अंगात आल्यासारखा सगळीकडे झोडपायला लागला. वाळू, खडी, पेढ्यांचा पुडा, सगळं उडालं. लोक मागे पळाले. तिमाण्णा वळला आणि जुन्या सवयीने पाय उचलून पाईपावर ठेवायला पुढे झाला.

सुवर्णाचा जीव त्याच्याकडे धावला, पण पाय धावू दिले नाहीत तिने. सुटलेल्या पाईपाला हात घालणारा त्याला थांबवू शकत नाही, स्वतःच सापडतो, हे तिने पंधरा दिवसांपूर्वी ऐकलं होतं आणि मनात पक्कं केलं होतं. तिने त्याच्याकडे पाठ केली आणि कॉम्प्रेसरच्या कॉकवर दोन्ही हातांनी भार टाकला. मागे एक फटका ऐकू आला. कॉक फिरला. पाईपाने आणखी एकदा शेपूट आपटलं आणि तो निपचित पडला.

ती वळली. तिमाण्णा खाली बसला होता. हेल्मेटला उभी चीर गेली होती, डोकं शाबूत होतं. नडगीतून रक्त येत होतं. तिने पदराने नडगी दाबून धरली.

कंटेनरच्या ऑफिसात नसरीनने त्याच्या पायाला पट्टी बांधली. मग पडद्यावर मुठीची नोंद उघडली आणि ती ओळ न् ओळ वाचली.

"अण्णा, सांधा सुटायच्या आधी चाळीस सेकंद मूठ टिचक्या मारत होती. सलग. तुम्ही थांबला का नाहीत?"

"टिचकी आली न्हाई," तिमाण्णा म्हणाला.

"नोंद आहे इथे."

"मग नोंद खोटी हाय. मशिनच खोटं हाय तुमचं. आली आसती तर मला कळली नसती व्हय?"

दारात धोत्रे मुकादम उभा होता. "मॅडम, अण्णा खोटं बोलायचा न्हाई," तो म्हणाला. "आसल्या मशिनवर माझी माणसं मी घालायचो न्हाई. जुनं ब्रेकर मागवतो."

नसरीनचा चेहरा उतरला. "बरोबर आहे तुमचं. एवढा चांगला हात, आणि त्याला इशारा कळला नाही, म्हणजे दोष मुठीतच आहे. मला आजच्या आज सगळ्या मुठी परत पाठवाव्या लागतील."

सुवर्णाने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली. गप्प राहिलं की सगळं निभावणार होतं. त्याची अब्रू राहणार होती, ब्रेकर राहणार होता, ओटा टळणार होता. आणि टोळीतले सातजण पुन्हा पस्तीस किलोचं लोखंड पोटाशी धरणार होते, त्यांच्या बायका एक दिवस त्यांची बटणं लावणार होत्या.

"मशिन खरं बोलतंय," सुवर्णा म्हणाली. "दोष माझा हाय. त्यांच्या नावावर हात माझा हाय. दोन्ही येळेला मूठ म्या धरली."

तिमाण्णाच्या कपाळावरची शीर तटतटली.

"चार माणसांत माझी लाज काढलीस," तो हळू आवाजात म्हणाला. "चोवीस वर्सांत कवा अशी वागली न्हाईस."

"तवा वागाय पायजे हुतं. आज तुमचं डोकं फुटलं आसतं आन् मला ते बघाय लागलं आसतं. वर आणि ह्या सगळ्यांचं हात गेलं आसतं माझ्यापायी. मला झेपत न्हाई ते."

"माझ्या हाताला काय झालंय?" तिमाण्णा उसळला. "जरा बधिर हायत, येवढंच. मला सगळं कळतंय. तपासा, मॅडम. आत्ता तपासा. मूठ नगं, तुमच्या हातानं तपासा."

नसरीनने त्याला टेबलाशी बसवलं. "उजवा हात टेबलावर ठेवा. डोळे मिटा. बोटांना काहीही लागलं की सांगा."

तिमाण्णाने डोळे घट्ट मिटले. नसरीनने पुढे केलेला हात मागे घेतला आणि सुवर्णाला खुणेने बोलावलं. सुवर्णा त्याच्यासमोर बसली. तिने त्याची चारही बोटं स्वतःच्या दोन्ही हातांत घेतली. बोटं गार होती आणि टोकांना खडबडीत. तिने हलकेच दाबली. मग जोरात दाबली. मग इतकी जोरात की तिचीच बोटं दुखायला लागली. तिमाण्णा ताठ बसून होता, परीक्षेला बसलेल्या मुलासारखा, कान टवकारून. त्याच्या चेहऱ्यावरची एक रेषसुद्धा हलली नाही.

मिनिट गेलं.

"घ्या की सुरू, मॅडम," तो म्हणाला. "किती येळ बसायचं आसं?"

धोत्रे मुकादमाने तोंड फिरवलं. सुवर्णाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसायला तिने हात सोडवून घेतला नाही. शेवटी तिमाण्णाने डोळे उघडले. त्याने आपला हात पाहिला, त्याच्यावरचे तिचे दोन हात पाहिले, तिची पांढरी पडलेली नखं पाहिली.

"कवापासनं धरलायस?"

"मघापासनं."

तो त्या तीन हातांकडे बघत राहिला. त्याने हात ओढून घेतला नाही. त्याच्या आवाजातला राग कुठे गेला कोण जाणे.

"मॅडम," तो म्हणाला, "माझ्या नावाचं सगळं आकडं खोडा. पुण्यालाबी कळवा. गड्यांचं तास वाढवू नगा."

"खोडते," नसरीन म्हणाली. "आणि मी समोर उभी राहून तपासलं नाही, हेही लिहिते. नियमाने तुम्हाला ब्रेकर देता येणार नाही, अण्णा. पण कॉम्प्रेसरवर एक पक्का माणूस मला हवाच आहे. सांधे बघायचे, हवा सोडायची, हवा थांबवायची. कॉक तळहाताने फिरतो. तिथे डोळे लागतात आणि डोकं लागतं. अठ्ठावीस वर्षांचं डोकं मला दुसरीकडे मिळणार नाही."

"आन् ब्रेकर?" मुकादमाने विचारलं. "अण्णाच्या जागी कोण? पट्टीचा शेवटचा थर नळाला भिडलाय. नवखा माणूस चालायचा न्हाई तिथं."

"नवखा कशाला?" तिमाण्णा म्हणाला. "चोवीस वर्सं माझ्या मागं उभी हाय ही. कुठं दाबायचं, कुठं सोडायचं, माझ्याआधी हिला कळतं. पस्तीस किलोचा तिला उचलत न्हवता, म्हणून ती मागं. अकरा किलोचा उचलंल."

मुकादम डोकं खाजवायला लागला. टोळीत बाईने ब्रेकर धरल्याचं त्याने ऐकलं नव्हतं. पण तिमाण्णाने एकदा सांगितलेल्या गोष्टीवर त्याने आजवर वाद घातला नव्हता, आणि आजचा दिवस त्यासाठी बरा नव्हता.

नसरीनने कोपऱ्यातली मूठ आणून टेबलावर ठेवली. पडद्यावर नवं पान उघडलं. "पूर्ण नाव सांगा आक्का."

सुवर्णाने सांगितलं. नसरीनने ते लिहिलं आणि मूठ तिच्यापुढे सरकवली. सुवर्णाचे दोन्ही हात अजून तिमाण्णाच्या बोटांवर होते. ते उचलावेत असं तिला वाटत नव्हतं. आपण सोडलं तरी त्याला कळणार नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

तिमाण्णा तिच्या हातांकडेच बघत होता.

"सोड," तो म्हणाला. "मी बघतोय."

तिने सोडलं, आणि मूठ धरली.